तिसरा हिस्सा : बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा एक धडा

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे विश्वस्त मंडळींनी सांगितले, तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे आली ती सभागृहामागील खोलीतील दोन कपाटे. त्यांत मराठी पुस्तके आहेत, हे सर्वांस माहीत आहे. किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र विचारावे लागते. ज्या शहराने ग्रंथालय कसे चालवावे हे एकेकाळी साऱ्या हिंदुस्थानास दाखविले, त्याच शहरातील ही कपाटे होत. म्हणून त्या जुन्या उद्योगाची थोडी माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

१. प्रश्न कोठून उद्भवला?

श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) १८७५ साली गादीवर आले व १९३९ पर्यंत त्यांची कारकीर्द चालली. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते शिक्षण सर्व राज्यास लागू केले. मुले शाळेत बसू लागली खरी. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडले नाही, तर शिकलेले अक्षर चार वर्षांत विसरते. शाळेने लिहावाचावयास शिकवावे आणि ग्रंथालयाने ती विद्या टिकवावी, ही दोन कामे एकमेकांस जोडलेली आहेत, हे महाराजांनी ओळखले.

२. मध्यवर्ती ग्रंथालय

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून महाराज प्रभावित झाले. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे येथे होते. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग १९११ साली निघाला. पुढच्याच वर्षी या विषयास वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही असे. मांडवी भागातील या ग्रंथालयाच्या इमारतीत लोखंडी कपाटे आहेत आणि वरच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांपर्यंत पोहोचावा, हा त्यातील हेतू. आपल्यापैकी कित्येक जण त्या रस्त्याने रोज जातात. एकदा आत जाऊन मुलांना ती काच अवश्य दाखवावी.

३. तिसऱ्या हिश्श्याचा नियम

या साऱ्या योजनेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो खेड्यांसाठी केलेला एक साधा नियम. गावाने ग्रंथालयासाठी वर्षाला शंभर रुपये जमविले, की तितकेच सरकारने द्यावयाचे आणि तितकेच प्रांत पंचायतीने. कसब्याच्या गावासाठी ही मर्यादा तीनशेची व प्रांताच्या मुख्य शहरासाठी सातशेची होती. म्हणजे गावाने शंभर घातले, तर तीनशेंची पुस्तके व वर्तमानपत्रे आली.

यातील मर्म असे, की पहिला पैसा गावाचा. नुसत्या हुकुमाने गावोगाव पुस्तके पाठविणे दरबारास कठीण नव्हते; पण फुकट आलेल्या पुस्तकावर धूळ बसते आणि स्वतःच्या वर्गणीच्या पुस्तकाची चौकशी होते. जी गावे एवढेही करू शकत नव्हती, त्यांच्याकडे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. एक पेटी वाचून झाली, की ती परत जाई व दुसरी येई. मोतीभाई अमीन यांच्यासारखे शिक्षक १९०६ पासूनच मित्रमंडळे काढून वाचनालये चालवीत होते. अशा तळमळीच्या माणसांची जोड मिळाली, म्हणून सरकारी योजना गावात रुजली.

४. मराठीचा वाटा

राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा गुजराती. तरी मराठीस येथे परकेपणा नव्हता. सयाजी साहित्यमालेत दोन्ही भाषांची पुस्तके निघाली. मराठी साहित्य संमेलन बडोद्यास १९०९ साली कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, १९२१ साली न. चिं. केळकर व १९३४ साली ना. गो. चापेकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० साली गुजरात राज्य झाले. संस्थानाच्या काळी मराठीस जो राजाश्रय होता, तो उरला नाही. २०१८ साली संमेलन पुन्हा येथे भरले, तेव्हा मंडप भरलेला पाहून आनंद झाला. परंतु मंडप चार दिवसांचा, कपाट बारा महिन्यांचे.

५. आपले काम

येथे एक कबुली दिली पाहिजे. दांडिया बाजारातील आमचे भाड्याचे घर सोडताना मी वडिलांचे दोन ट्रंका भरून कागद पस्तीवाल्यास दिले. त्यात गणेशोत्सवातील नाटकांच्या जाहिराती होत्या, वाचनालयाच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, संमेलनाच्या निमंत्रणपत्रिका होत्या. मिळाले ते किरकोळ पैसे. आज नात विचारते, "आजोबा, आपण इथे कधी आलो?" तेव्हा तिच्या हाती ठेवावयास माझ्यापाशी एक कागदही नाही. हा दोष अन्य कोणाचा नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, कपाटांतील प्रत्येक पुस्तकाची नोंद एका वहीत करावी. नावे मराठीबरोबर गुजराती लिपीतही लिहावी, कारण आपली बरीच मुले आज तीच लिपी प्रथम शिकतात. दुसरी, घर रिकामे करताना जुने कागद पस्तीत देण्यापूर्वी एकदा संस्थेत आणून दाखवावे. तिसरी, दर रविवारी सकाळी दोन तास कपाटे उघडी ठेवण्यासाठी सभासदांनी आळीपाळीने बसावे. यास देणगी लागत नाही; वेळ लागतो.

दोन हिस्से देणारे दरबार आता नाही. परंतु गावाने द्यावयाचा पहिला हिस्सा तेव्हाही गावाचाच होता, आणि तो आजही आपल्याच हाती आहे. येत्या रविवारी नोंदवही घेऊन मी त्या खोलीत बसणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे, आणि येताना घरातील एखादे मूल बरोबर आणावे, ही नम्र विनंती.