मोजून बघ, मग सांग

मोहरीचे फूल तुम्ही किती वेळा पाहिले असेल? त्याची गणती नाही. थंडीच्या दिवसांत बांधावरून येता-जाता ते पिवळे फूल दिसतेच. मग सांगा बरे, त्याला पाकळ्या किती? चार, हे काही जण सांगतील. आता पाकळ्यांच्या आत बारीक काड्यांसारखे उभे असतात ना, त्यांना पुंकेसर म्हणतात. ते किती? सगळे एका उंचीचे की लहानमोठे? इथे आपण गप्प होतो. फूल रोजचे आहे, पण मोजले कुणी?

इंग्लंडात सफोक परगण्यात हिचम नावाचे खेडे आहे. आजपासून सुमारे 170 वर्षांपूर्वी तिथल्या शेतमजुरांच्या पोरी असल्या प्रश्नांची उत्तरे देत असत. पाठ करून नव्हे, तर फूल हातात घेऊन. त्यांना ही सवय लावली जॉन हेन्स्लो यांनी.

हेन्स्लो यांचा जन्म 1796 सालचा. केंब्रिजच्या विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शिवाय ते पाद्रीही होते. 1837 साली हिचमचे देऊळ त्यांच्याकडे आले, आणि दोन वर्षांनी ते बायकामुलांसह तिथेच राहायला गेले. गाव हजारावर वस्तीचे. बहुतेक लोक दुसऱ्याच्या शेतात राबणारे. लिहिता-वाचता येणारे थोडे. हेन्स्लोंनी शाळा उभी केली, तिच्यात पदरचे पैसे घातले. पण मुलगा जरा हाताशी आला की बाप त्याला शेतावर नेई. म्हणून त्यांच्या वनस्पतींच्या वर्गात मुलीच जास्त असत.

हा वर्ग सोमवारी दुपारी भरे. सक्ती नव्हती, ज्याला हवे त्याने यावे. पण आत शिरायची एक अट होती. एकदल, द्विदल अशा अर्थाचे काही अवघड शब्द आधी न चुकता लिहून दाखवायचे. ते शब्द इंग्रज पोरांनाही परकेच, लांबलचक आणि जिभेवर न बसणारे. तरी पोरी ते शिकल्या. लोक म्हणत, मजुराच्या पोरीला हे कशाला? हेन्स्लोंना तसे वाटत नव्हते. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या मुलांना शिकवायला त्यांना राजवाड्यात बोलावले, तेव्हा तिथेही त्यांनी हिचमच्या शाळेतल्या पद्धतीनेच शिकवले.

पद्धत काय होती? मुली रानातून झाडे-फुले गोळा करून आणत. फूल हलक्या हाताने उलगडायचे. मग कागदावर आखलेल्या रकान्यांत भरायचे. बाहेरची हिरवी पाने किती? पाकळ्या किती? त्या सुट्या की जोडलेल्या? पुंकेसर किती? रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि अंदाजाने भरता येत नाही. फूल समोर असते, ते लगेच खोटे पाडते.

आपण मोहरीचा रकाना भरून पाहू. हिरवी पाने चार. पाकळ्या चार. पुंकेसर सहा. त्यांतले चार उंच, दोन बुटके. आता मुळ्याचे फूल घ्या. मुळा रानात राहू दिला की त्याला फुले येतात. त्याचे आकडे मी सांगत नाही, तुम्हीच भरा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. मोहरी आणि मुळा यांचे नाते काय, ते गुरुजींनी सांगावे लागणार नाही.

हेन्स्लोंनी मोठ्या माणसांनाही असेच कामाला लावले. 1843 साली त्यांनी सफोकच्या शेतकऱ्यांना वर्तमानपत्रातून पत्रे लिहिली. शेणखतात जिप्सम मिसळले तर खताचा कस उडून जात नाही, असे तेव्हा काही विद्वान म्हणत. हेन्स्लो म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. दोन सारखे ढीग करा. एकात जिप्सम घाला, दुसऱ्यात घालू नका. शेजारच्या सारख्या वावरांत ते टाका आणि पीक आले की तोलून बघा. फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा, बाकी सारे सारखे. दोन ठिकाणी दोन-तीन गोष्टी बदलल्या, तर पीक कशाने वाढले हे कोण सांगणार? आपल्याकडेही नवे बियाणे आणि नवे खत एकदमच वापरतात आणि मग पारावर वाद घालत बसतात!

सगळेच खूश नव्हते. हेन्स्लोंनी मजुरांना खंडाने जमिनीचे तुकडे मिळवून दिले. तुकडा पाव एकराचा, म्हणजे दहा गुंठ्यांचा. मजूर आपले धान्य-भाजी पिकवू लागले. तेव्हा गावातल्या बड्या शेतकऱ्यांनी एक केली, की असा तुकडा घेईल त्याला कामावर घ्यायचे नाही. हेन्स्लो मागे हटले नाहीत, तुकडे चालू राहिले.

केंब्रिजमध्ये त्यांचा एक तरुण विद्यार्थी होता, चार्ल्स डार्विन. तो हेन्स्लोंबरोबर इतका फिरे, की लोक त्याला हेन्स्लोंबरोबर फिरणारा म्हणूनच ओळखत. एकदा त्याने ओलसर जागी पडलेल्या परागकणांतून बारीक नळ्या निघालेल्या पाहिल्या. वाटले, मोठा शोध लागला! धावत गुरूकडे गेला. ती गोष्ट तर शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होती. दुसरा कुणी हसला असता. हेन्स्लो हसले नाहीत. वा, पाहण्यासारखेच आहे हे, असे म्हणून त्यांनी त्याचा अर्थ समजावला आणि हे पूर्वीच माहीत आहे तेही सांगितले. डार्विन जराही न दुखावता परतला. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्याला हा प्रसंग आठवत होता.

1831 साली हेन्स्लोंच्याच शिफारशीने डार्विन जहाजावरून जगप्रवासाला निघाला. पुढे सजीवांच्या जाती कशा बदलत जातात यावर त्याने 1859 साली पुस्तक काढले आणि जगभर खळबळ उडाली. त्या पुस्तकाआधी, 1855 साली, त्याला प्रयोगांसाठी रानटी झाडांचे बी हवे होते. निरनिराळ्या जातींचे, पुडी-पुडीने वेगळे केलेले. एका पुडीत दुसरे बी मिसळले तर सारा प्रयोग वाया.

एवढे नेमके काम कुणाला सांगावे? डार्विनने जुन्या गुरूला पत्र लिहिले. तुमच्या शाळेतल्या मुली बी गोळा करून देतील का, दर पुडीमागे मी काही पेनी देईन, असे त्याने विचारले. हिचमच्या मुली रानात गेल्या. झाडे त्यांच्या ओळखीची होती, आणि नावेही न चुकता लिहिता येत होती.