वाढणारे हाड

उर्दूत आपण ज्याला 'हड्डी' म्हणतो, त्याला मराठीत 'हाड' म्हणतात. 'घुटना' आणि 'गुडघा' हे शब्दही असेच जवळचे आहेत. हाड म्हटले की पांढरी, कोरडी, दगडासारखी कठीण वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येते. पण आपल्या शरीरातील हाड जिवंत असते. त्यात रक्त वाहते. ते मोडले तर पुन्हा जुळते. लहानपणी तर ते सतत वाढत असते.

नवजात बाळाच्या शरीरात सुमारे ३०० हाडे असतात आणि मोठ्या माणसाच्या शरीरात २०६. मग बाकीची हाडे जातात कुठे? ती कुठेच जात नाहीत. वय वाढते तशी काही हाडे एकमेकांना जुळून एक होतात. आपल्या कानाचा वरचा भाग जरा वाकवून पाहा. तो वाकतो, पण मोडत नाही. त्यात 'कूर्चा' नावाचा लवचीक पदार्थ असतो. बाळाची पुष्कळशी हाडे आधी अशा कूर्चेचीच असतात. मग हळूहळू कूर्चेच्या जागी कठीण हाड तयार होते. गुडघ्याची वाटी जन्माच्या वेळी पूर्णपणे कूर्चेची असते. तिच्यात हाड तयार होण्यास साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या वर्षी सुरुवात होते.

हाड नेमके कोठे वाढते? रबर ताणल्यावर ते सगळीकडून लांब होते. हाडही तसेच वाढते का? इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यावर एक प्रयोग सांगितला आहे. त्यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक छिद्रे पाडली. दोन महिन्यांनी पाहिले, तर हाड चांगलेच लांब झाले होते. पण दोन छिद्रांमधील अंतर होते तेवढेच राहिले होते. याचा अर्थ असा, की हाडाची लांबी मधल्या भागात वाढत नाही, ती टोकांजवळ वाढते.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला आपण 'वाढीची पट्टी' म्हणू. या पट्टीत नवी कूर्चा तयार होते आणि तिचे हाड बनत जाते. मुलींची वाढ साधारणपणे १४ ते १६ व्या वर्षी आणि मुलांची १६ ते १८ व्या वर्षी पूर्ण होते. तेव्हा या पट्टीचेही हाड बनते आणि उंची वाढणे थांबते.

आता गुडघा पाहू. वर मांडीचे हाड असते. ते शरीरातील सर्वांत लांब हाड आहे. खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी असते. ही हाडे अस्थिबंधांनी म्हणजे चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. मांडीचे मोठे स्नायू वाटीला आणि तिच्यामार्फत नडगीच्या पुढच्या उंचवट्याला जोडलेले असतात. पायाची तीन भागांपैकी सुमारे दोन भाग वाढ या गुडघ्याजवळच्या दोन पट्ट्यांतच होते. एक पट्टी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ असते आणि दुसरी नडगीच्या वरच्या टोकाजवळ.

मोठ्या माणसाचा गुडघा जोरात पिरगळला तर पुष्कळदा अस्थिबंध फाटतो. वाढत्या मुलांमध्ये मात्र अस्थिबंध हा वाढीच्या पट्टीपेक्षा मजबूत असतो. म्हणून अस्थिबंध टिकतो आणि पट्टी सरकते किंवा तुटते. सायकलवरून पडल्यावर कधीकधी गुडघ्याच्या आतील अस्थिबंध नडगीच्या हाडाचा तुकडाच उपटून काढतो. उडी मारताना मांडीच्या स्नायूंनी जोराचा हिसका दिला, तर किशोरवयीन मुलांच्या नडगीचा उंचवटा निघून येतो. अशा वेळी बाहेर जखम दिसत नाही, रक्तही येत नाही. त्यामुळे घरचे म्हणतात, "मुरगळले असेल, चोळले की बरे होईल."

इथेच खरा धोका आहे. गुडघा चोळल्याने किंवा ओढल्याने सरकलेली पट्टी आणखी सरकते. मुलांची हाडे लवकर जुळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण हाड सरकलेल्या जागीच जुळले, तर तेच नुकसान ठरते. पट्टीचा एक भाग वाढणे बंद झाला आणि दुसरा वाढत राहिला, तर पाय वाकडा होतो. पूर्ण पट्टी बंद झाली तर तो पाय दुसऱ्या पायापेक्षा आखूड राहतो. आज झालेली चूक अशा रीतीने दोन-तीन वर्षांनी दिसते.

विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. तेव्हापासून त्वचा न कापता हाड पाहता येऊ लागले. क्ष-किरणांच्या चित्रात वाढीची पट्टी काळ्या रेघेसारखी दिसते. तुटलेल्या हाडाची भेगही काळीच दिसते. म्हणून डॉक्टर कधीकधी दुसऱ्या गुडघ्याचेही चित्र काढून दोन्हींची तुलना करतात. प्लास्टर निघाल्यावरही ते काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. पाय बरा वाटला तरी हे जाणे टाळू नये. पट्टी नीट वाढते आहे की नाही, हे तेव्हाच कळते.

मुलांनो, खेळताना तुमच्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या गुडघ्याला जोराचा मार लागला आणि गुडघा सुजला, वाकेनासा झाला किंवा त्या पायावर चार पावलेही टाकता येईनात, तर त्याला उभे राहण्याचा आग्रह करू नका. पाय ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहू द्या. दोन्ही बाजूंना काठ्या किंवा घडी केलेली वर्तमानपत्रे ठेवून कापडाने बांधा. पण फार घट्ट बांधू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा. पायाची बोटे थंड, पांढरी किंवा बधिर झाली, तर एक क्षणही दवडू नका. गुडघ्याच्या मागून मोठी रक्तवाहिनी जाते, तिच्यावर दाब आलेला असू शकतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

आपल्या मोहल्ल्यात हाडे बसवणारे हाडवैद्य किंवा पहिलवान असतात. त्यांचा मान ठेवावा. पण वाढीची पट्टी बोटांना दिसत नाही. आधी दवाखान्यात जाऊन हाडाचे चित्र काढून घ्यावे.

हाडे मजबूत राहावीत म्हणून दूध, दही, तीळ, नाचणी, काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे आहारात असावेत. रोज थोडा वेळ उन्हात खेळावे. पडण्याच्या भीतीने खेळणे सोडू नये, कारण धावण्या-उड्या मारण्याने हाडे बळकट होतात. फक्त पडल्यावर घाई कशाची करायची, हे लक्षात ठेवावे. चोळण्याची घाई नको, दवाखान्यात जाण्याची घाई हवी.

शब्दार्थ
कूर्चा – हाडासारखा पण लवचीक पदार्थ
नडगी – गुडघ्याखालच्या पायाची पुढची बाजू
अस्थिबंध – दोन हाडांना जोडणारी चिवट पट्टी
मुरगळणे – सांधा पिरगळून दुखणे
आखूड – कमी लांबीचा
बधिर – स्पर्श न कळणारा

स्वाध्याय
१. स्टीफन हेल्स यांच्या प्रयोगावरून काय कळले?
२. मोठ्या माणसाच्या आणि मुलांच्या गुडघ्याच्या दुखापतीत कोणता फरक असतो?
३. कारणे लिहा : मार लागलेला गुडघा चोळू नये.
४. 'हाड–हड्डी', 'गुडघा–घुटना' यांसारख्या मराठी-उर्दू शब्दांच्या पाच जोड्या शोधून लिहा.