सहीवर सोडलेलं पान

वस्तीत दहा-बारा वर्षं काम केलेल्या माणसाच्या हाती जून-जुलैत समाजकार्याचे चार विद्यार्थी द्यायचे आणि त्याला सुपरवायझर म्हणायचं, ही आपल्या संस्थांची जुनी रीत. बाबा रे, तुला शिकवता येतं का, असं त्याला कुणी विचारत नाही. वस्ती येते म्हणजे शिकवताही येत असणार, असं धरून चालतात. त्यातून काय होतं ते मी एका वाय्व्हाला पाहिलं.

बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. समोर रेकॉर्डिंगच्या फायलींचा गठ्ठा. एमएसडब्ल्यूला साधारण आठवड्यातले दोन दिवस फील्ड असतं आणि प्रत्येक दिवसाचं लिहून द्यायचं असतं, त्यामुळे फायली जाडजूड. एका विद्यार्थिनीचं प्लेसमेंट वस्तीतल्या अभ्यासिकेत होतं. ऑगस्टमधल्या एका पानावर तिनं लिहिलेलं: सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘ताई, काका घरी असले की मला इथंच बसू द्या ना, अभ्यासिका बंद झाली तरी.’ त्याखाली विद्यार्थिनीचं निरीक्षण: ‘मुलीला अभ्यासाची आवड आहे.’ आणि त्याच्याखाली हिरव्या शाईत सुपरवायझरची सही, तारीख, शेरा: ‘छान. असेच लिहीत राहा.’

पुढे एकदोन ठिकाणी मुलीचं नाव येतं. मग येतच नाही.

मी विद्यार्थिनीला विचारलं, त्या वेळी तुला काय वाटलं होतं? म्हणाली, “थोडं विचित्र वाटलं होतं, मॅडम. पण आयसीत तो विषय निघाला नाही.” आयसी म्हणजे सुपरवायझरसोबतची दर आठवड्याची एकेकट्याची बैठक. ती होत होती का? होत होती, जिना उतरता उतरता.

संस्थेला त्याच दिवशी कळवलं. कार्यकर्ते गेले तर कुटुंबानं भाड्याची खोली केव्हाच सोडलेली, नवा पत्ता शेजाऱ्यांना ठाऊक नाही. काका कसा माणूस होता, हे आता कळायला मार्ग नाही. कदाचित नुसता दारू पिऊन आरडाओरडा करणारा असेल. पण ते शोधायची वेळ ऑगस्टमध्ये होती आणि तेव्हा कागद सुपरवायझरच्या टेबलावरच होता.

बावीस वर्षांच्या पोरीला त्या वाक्यातली भीती ऐकू आली नाही, याचा मी तिला दोष देत नाही. ती शिकायलाच आली होती. ऐकू यायला हवं होतं ते सही करणाऱ्याला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळलेलं असून कळवलं नाही तर कलम २१ नुसार शिक्षा आहे. हा कायदा कार्यकर्त्यांना पाठ असतो. पण तो विद्यार्थ्याच्या गिचमिड अक्षरातून, एका साध्या विनंतीच्या रूपात समोर येईल, ही अपेक्षा कुणी ठेवत नाही.

तेव्हापासून सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात मी व्याख्यान जवळजवळ बंद केलंय. नावगाव बदललेलं एक खरं रेकॉर्डिंग सगळ्यांना वाटते आणि म्हणते, वाचा, पेन हातात ठेवा, शेरे लिहा. दर वेळी तेच होतं. निम्मी मंडळी शुद्धलेखन सुधारतात. बरेच जण सल्ला लिहितात: ‘पालकांची बैठक घ्या’, ‘शाळेत भेट द्या’. प्रश्न विचारणारे एकदोघंच निघतात. ‘ती हे म्हणाली तेव्हा कुठं बघत होती? तू काय उत्तर दिलंस? घरी जाताना तुझ्या मनात काय होतं?’ असं लिहिणारा माणूस सापडला की मी त्याचा कागद फळ्यावर लावते.

शेवटचा प्रश्न लोकांना फार हळवा वाटतो. तो तसा नाही. मराठवाड्यातल्या गावातून पहिल्यांदा पुण्यात आलेला, घरातला पहिला पदवीधर मुलगा वस्तीत जातो, तेव्हा तिथली भांडणं, दारू, कर्ज त्याच्या ओळखीची असतात. कधीकधी ती त्याच्याच घरातली असतात. मग तो एकतर त्या घराकडे फिरकत नाही, नाहीतर खिशातले पैसे काढून देतो. दोन्हींचं कारण त्याच्या पोटात असतं आणि विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही. सुखवस्तू घरातली मुलगी वेगळ्या कारणानं अडते. जात आणि गरिबी यांवर तिनं पेपर लिहिलेला असतो, पण कुणाच्या घरचं पाणी प्यायला हात पुढे होत नाही. हेही आयसीतच बोलायचं. चारचौघांसमोर, ग्रुप कॉन्फरन्समध्ये काढलंत तर मूल पुन्हा तोंड उघडणार नाही.

आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात सुपरवायझरची तीन कामं सांगितली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. आपल्याकडे पहिलं चोख होतं. हजेरी, तास, सही. उरलेल्या दोन कामांचा वेळ देणग्यांचे अहवाल खातात. आणि विद्यार्थी? तेही त्याच अहवालांची एक्सेल भरायला बसतात, कार्यक्रमाचे फोटो काढतात, सतरंज्या घालतात. सतरंजी घालण्यात कमीपणा नाही, आम्हीही घातल्या. पण दोन महिने तेवढंच केलं तर त्याला फील्डवर्क म्हणू नये.

म्हणून नव्या सुपरवायझरला माझं सांगणं अगदी थोडं असतं. विद्यार्थी पुन्हा फील्डवर जायच्या आत मागचं रेकॉर्डिंग वाचून झालेलं हवं. आठवडाभराची थप्पी शनिवारी एकदम वाचली तर ती वाचलेली धरू नका. आयसीला बसून बोला, दार लावून, फोन बाजूला ठेवून. फाइल प्राध्यापक, परीक्षक, क्लार्क अशा अनेक हातांतून जाते, तेव्हा लेकराचं खरं नाव, शाळा, घराची खूण तीत नको. आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला सांगून ठेवा: कुणालाही ‘मी हे कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, काही खटकलं तर लिहीपर्यंत थांबायचं नाही, रात्री का होईना, फोन करायचा. तुमचा लागला नाही तर कुणाला करायचा, तो दुसरा नंबरही द्या. हे त्या विद्यार्थिनीला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यकर्ते विचारतात, हा वेळ आणायचा कुठून? बरोबर आहे. बहुतेकांना या कामाचा वेगळा पैसा मिळत नाही आणि प्रकल्पाच्या कामाच्या यादीत त्याचा उल्लेखही नसतो. त्यामुळे प्रशिक्षणाला मी संस्थेच्या प्रमुखांनाही बोलावते आणि दोन विद्यार्थ्यांमागे आठवड्याचा अर्धा दिवस सुपरवायझरच्या कामात धरला असल्याचं त्यांच्याकडून लेखी मागते. प्रकल्प संपून माणूस मध्येच गेला तर विद्यार्थी कुणाकडे जातील, तेही त्याच कागदावर. काही जण हसतात, काही चिडतात. म्हणतात, विद्यार्थी घेतो हे उपकारच आहेत. अशा ठिकाणी पाठवू नका, असं मी कॉलेजला स्पष्ट सांगते. जागा कमी पडतात, तक्रार येते, मान्य. मग वेळ देणाऱ्या संस्थेत दोनाऐवजी तीन विद्यार्थी ठेवा आणि तिथल्या सुपरवायझरचं दुसरं एखादं काम काढून घ्या.