सेवा करणाऱ्यांचा शीण

कर्मेल डोंगरावर एवढे धैर्य दाखविणारा एलीया संदेष्टा लगेच पुढच्या अध्यायात रानात पळून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो, ही कथा आपण शास्त्राच्या तासास ऐकली आहे. त्या वेळी देवदूताने त्यास उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे उशाशी ठेवून त्यास खाऊ दिले, निजू दिले आणि उठवून पुन्हा खाऊ घातले. होरेबची चाळीस दिवसांची वाट त्याने धरली ती त्यानंतर. थकलेल्या सेवकाशी ह्याहून शहाणपणाने कोणी वागल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आपण बहुतेक जण नेमके हेच विसरलो.

ह्या शिणाचा पद्धतशीर विचार प्रथम १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने मांडला. तो दिवसा आपला व्यवसाय करी व रात्री एका मोफत दवाखान्यात राबे. तेथील स्वयंसेवकांची आणि स्वतःचीही झालेली दशा पाहून त्याने तिला ‘बर्नआऊट’ हे नाव दिले. समईतील तेल सरले म्हणजे वात स्वतःच जळू लागते, तसाच हा प्रकार होय. दिवसभर नांगर धरणाऱ्याचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. हा उतरत नाही. क्रिस्टिना मॅस्लाक ह्या विदुषीने त्याची तीन लक्षणे सांगितली: अंगातील त्राण जाणे, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयी मन कोरडे होणे आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटू लागणे. ह्यांतील दुसरे लक्षण फार फसवे आहे. काल ‘आजी, औषध घेतले का?’ असे विचारणारी परिचारिका आज ‘सात नंबर’ म्हणून खेकसते, आणि आपण तिला उर्मट ठरवून मोकळे होतो! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ह्या अवस्थेस रोगांत न गणता कामातून उद्भवणारी अवस्था मानले, हे ध्यानात ठेवावे. दोष कामाच्या मांडणीत असेल तर सेवकास धीर धरावयास सांगून भागत नाही.

साथीत हे तेल किती लवकर सरते! मराठवाड्याच्या वैशाखात डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख चढवावयाचा आणि तो उतरेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यावयाचा नाही. रोग्याजवळ आप्त नाहीत, म्हणून मोबाईलवर शेवटची भेट घडविणे हेही परिचारिकेच्याच वाट्यास. घरी आल्यावर आपल्याच लेकरास दूर ठेवावयाचे. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा व प्राणवायू अपुरे पडले. काय केल्याने रोगी वाचेल हे ठाऊक असून ते करता न येणे, ह्यासारखी मनाची झीज दुसरी नसावी.

आपल्या जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत साथीचा पहिला भार खेडोपाडीच्या आशांवर पडला. सुमारे हजार वस्तीस एक, ही त्यांची मूळ योजना २००५ सालची. गरोदर स्त्रिया व तान्ह्या मुलांचे लसीकरण हे नेहमीचे काम होतेच. त्यावर परगावाहून आलेल्यांची नोंद, आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेत दारोदार ताप व प्राणवायू मोजणे आले. सरकारदरबारी त्या स्वयंसेविका; म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. कित्येक ठिकाणी लोकांनी त्यांनाच रोग आणणाऱ्या समजून दारे लावून घेतली.

कोणी म्हणेल, सेवाव्रत घेतलेल्याने शिणाची भाषा का करावी? सावित्रीबाई फुले ह्यांनी केली होती काय? प्लेगात पुण्याजवळ मुलगा डॉक्टर यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोगी पोहोचविता पोहोचविता त्या स्वतः आजारी पडल्या व १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. पुढे यशवंतरावही प्लेगाच्याच सेवेत गेले. त्या मायलेकांपुढे मस्तक नमते. परंतु त्यांनी जे दिले ते आपखुशीने दिले. ते दान दाखवून दुसऱ्याच्या कन्येकडून तेवढेच वसूल करणे, आणि बदल्यात २२ मार्च २०२० च्या सायंकाळी पाच मिनिटे थाळी वाजविणे, हा व्यवहार न्याय्य नव्हे. थाळी वाजविण्यात खोटेपणा होता असे नाही, आम्हीही वाजविली.

१५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील आशांनी काम थांबविले, तेव्हा ऐन साथीत हे काय, अशी कुरकूर पुष्कळांनी केली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे त्या वेळी आपल्याच जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार होते. त्यांच्याशी बोलणी होऊन आठवड्याभरानंतर संप मिटला: १ जुलैपासून दरमहा १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये करोना भत्ता. आशा पुन्हा दारोदार जाऊ लागल्या. पगाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.