तुरेदार निवडुंगाची घरगुती जोपासना

अंगणात फुलणारा कोंबडा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा फुलोरा टोकदार न राहता पसरट व वळीदार होतो. असाच फेरफार निवडुंगाच्या खोडातही क्वचित घडून येतो व खोड पंख्यासारखे किंवा तुऱ्यासारखे वाढू लागते. या दोहोंतील एक भेद मात्र आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा. कोंबड्याचे बी पेरले असता पुन्हा कोंबडाच मिळतो. तुरेदार निवडुंगाच्या बियांपासून बहुधा साधीच रोपे उपजतात. म्हणून असे झाड एकदा हातचे गेले म्हणजे ते परत मिळविणे फार कठीण. त्याच्या जोपासनेत पाण्याचा निचरा आणि वेळेवर केलेले कलम या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व आहे.

तुरा कसा बनतो?

साध्या निवडुंगाच्या शेंड्यास वाढीचा एक बिंदू असतो. काही कारणाने त्या बिंदूची रेषा बनली म्हणजे खोड रुंदीकडे पसरते. पुढे जागा अपुरी पडून त्यास वळ्या पडतात. शेंड्यास झालेली इजा, कीड, काही जिवाणू किंवा पेशींतील आनुवंशिक बदल यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो नावाचे प्रचंड निवडुंग आहेत; त्यांतही असा तुरा क्वचितच दृष्टीस पडतो. रानातील झाडे उपटून विकण्यास आळा बसावा म्हणून कॅक्टस कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ साली अमलात आलेल्या कराराचे नियंत्रण आहे. सबब झाड नेहमी रोपवाटिकेत वाढविलेलेच घ्यावे.

खरेदी करताना

बाजारात तुरेदार निवडुंग म्हणून मिळणारे पुष्कळ नमुने खरे कॅक्टस नसून युफोर्बिया कुळातील असतात. कुंपणास लावतात त्या चिकाच्या निवडुंगाचे ते आप्त होत. खऱ्या कॅक्टसचे काटे लहानशा लोकरी गादीतून झुबक्याने निघतात. युफोर्बियात अशी गादी नसते व कापताच पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने कापताना हातमोजे घालावेत. या दोन कुळांचे एकमेकांवर कलम होत नाही, म्हणून ओळख पटणे अगत्याचे आहे.

माती, ऊन व पाणी

काळी माती पाणी धरून ठेवते. ती वापरू नये. जाड वाळू दोन भाग, पोयट्याची माती एक भाग, विटांचा बारीक चुरा एक भाग व चांगले कुजलेले पानांचे खत अर्धा भाग असे मिश्रण करावे. कुंडी उथळ, मातीची व तळाशी मोठे छिद्र असलेली असावी. सकाळचे चार-पाच तास ऊन पुरेसे होते. एप्रिल-मेमधील दुपारच्या उन्हात जाळीची सावली करावी. कुंडीतील माती दोन बोटे खोलवर कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे व ते तुऱ्यावर न ओतता कडेने द्यावे, कारण वळ्यांत साचलेले पाणी कुजीस आमंत्रण देते. हिवाळ्यात पाण्याच्या पाळ्या आणखी लांबवाव्यात. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, परंतु उजेडात व वाऱ्यावर ठेवावी.

एक अनुभव

माझ्या घरी मॅमिलारिया इलाँगाटा या मेक्सिकोतील जातीचा, सहा वर्षे जोपासलेला वीतभर रुंद तुरा होता. जुलैच्या झडीत चार दिवस दौऱ्यावर जाणे भाग पडले. कुंडी सज्जाखाली होती, तरी वाऱ्याने पावसाचे सपकारे आत येत राहिले. परत येऊन पाहतो तो तुरा वरून हिरवागार. बोट लावताच बुंधा मात्र लोण्यासारखा मऊ लागला. कापीत गेलो तसा तपकिरी डाग थेट शेंड्यापर्यंत पोहोचलेला दिसला. त्या झाडाचे एकही कलम मी केलेले नव्हते. पाऊस निमित्त झाला. खरा दोष ‘पुढच्या वर्षी कलम करू’ या दिरंगाईचा होता.

डाग बुंध्याशीच असताना लक्षात आला, तर स्वच्छ गर लागेपर्यंत वर कापावे, काप्यास गंधकाची भुकटी लावावी व आठ-दहा दिवस सावलीत सुकवून तुकडा कोरड्या वाळूत ठेवावा किंवा त्याचे कलम करावे.

कलम

फेब्रुवारी-मार्चचा कोरडा काळ कलमास उत्तम. अलीकडे आपल्याकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्याने त्याचे तीनधारी खोड खुंट म्हणून सहज मिळते. मुळे धरलेला जोमदार खुंट स्पिरिटने पुसलेल्या पात्याने आडवा कापावा व त्याच्या धारा थोड्या तिरप्या छाटाव्यात. तुऱ्याचा दोन-तीन बोटे रुंद तुकडा ताबडतोब त्यावर बसवावा. खुंटाच्या मध्यभागी दिसणाऱ्या वलयास तुकड्यातील नलिकांची रेषा टेकली पाहिजे; कलम जीव धरते ते याच सांध्यावर. रबराच्या पट्ट्याने हलका दाब देऊन कुंडी आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी व काप्यावर पाणी पडू देऊ नये.

नित्याची देखरेख

तुऱ्यातून अधूनमधून साधे कोंब फुटतात. ते जोमाने वाढून तुऱ्याचे अन्न ओढून घेतात, म्हणून दिसताच कोरड्या दिवशी मुळापासून छाटावेत. वळ्यांत पिठ्या ढेकूण लपून बसतो. दर पंधरवड्यास पाहणी करून स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कुंचल्याने तो पुसून काढावा.

ज्यांच्या घरी असा एकच तुरा आहे, त्यांनी येत्या फेब्रुवारीत त्याची निदान दोन कलमे करावीत आणि त्यांपैकी एक शेजाऱ्याच्या घरी ठेवावयास द्यावे. मूळ झाड पावसाने नेले तरी त्याचा वंश राहील.