घाम सुकत नाही तिथे

वासोटा किल्ल्यावर जायचं ठरलं की लोक हमखास विचारतात, ‘चढ किती आहे?’ बामणोलीहून निघालेली लाँच शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला सोडते. तिथून माथा साधारण पाचशे मीटर उंच. सिंहगडाला नेमाने जाणाऱ्याला हा चढ जड नाही. विचारायला हवं ते हवेबद्दल. पावसाळा सरल्यावर कोयनेचं जंगल इतकं गच्च असतं की आत वारा शिरत नाही, आणि भिजलेल्या जमिनीची वाफ वर येत असते. घाम निथळतो, पण सुकत नाही. अंग थंड होतं ते घाम सुकताना, नुसता वाहून नाही.

ऑक्टोबरातल्या एका फेरीत आमच्यात तिशीतला एक मुलगा होता. रोज टेकडीवर पळणारा, सगळ्यांत काटक. झाडीत शिरल्यापासून तोच पुढे. तासाभराने एका वळणावर तो दगडावर बसलेला दिसला. बुटाची नाडी बांधत होता आणि बोटं वळत नव्हती. चेहरा पांढराफटक, हात गार नि चिकट, पोटरीत गोळा आलेला. ‘पाणी तर सारखं पितोय’, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण सकाळपासून त्याच्या पोटात मिठाचा कण नव्हता. घामावाटे मीठ जात राहिलं आणि वरून साधं पाणी ओतलं, तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, पेटके सुरू होतात आणि माणूस आणखी पाणी पितो.

त्याला आडवं केलं, पाय सॅकवर ठेवले, शर्टाची बटणं सोडली. पंचा भिजवून मानेवर नि काखेत ठेवला, टोपीने वारा घातला आणि ओआरएस घोटाघोटाने पाजलं. अर्ध्या तासात त्याची बोटं सरळ झाली. माथा जवळ होता, तरी आम्ही तिथूनच उतरलो. बरं वाटतंय म्हणून अशा माणसाला पुढे चढवू नये, याबाबत माझं मत पक्कं आहे. तो असंबद्ध बोलू लागला असता, अंग तापलं असतं, तर तो उष्माघात. तेव्हा तोंडात पाणी घालायचं नाही. सगळं अंगावर ओतायचं, वारा घालत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. ग्लासात अख्खं पाकीट रिकामं करणारे मी पाहिले आहेत, तसं अजिबात करू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

तयारी सुरू होते दोन आठवडे आधी. अंगाला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि एसीतल्या ट्रेडमिलवर ती होत नाही. रोज तासभर सॅक पाठीला लावून उकाड्यात चाला, सुरुवातीला थोडं, मग वाढवत. हळूहळू घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, छातीची धडधड उतरते. जिने चढता तितकेच उतरा. गुडघे आणि मांड्या बोलतात त्या परतीच्या वाटेवर. नवे बूट जंगलात पहिल्यांदा घालू नका. मोज्यांचा जादा जोड कोरडा ठेवा.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका, मूत्रपिंडाला भारी पडतात.

घरी आल्यावर काख, जांघ, कानामागे गोचीड चिकटली नाही ना ते पाहा. असली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी जंगलात गेलो होतो, ओढ्यात उतरलो होतो.’ स्क्रब टायफस आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही सुरुवातीला साध्या तापासारखेच दिसतात. अंगावर कुठे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असेल तर तीही दाखवा. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झालं तर माणूस लवकर सावरतो. व्हायरल असेल म्हणत घरी दिवस काढू नका.