ट्रॅक्टर आपला, किल्ली कुणाची?



ट्रॅक्टर बंद पडला की आपण तालुक्याच्या मिस्त्रीला बोलावतो. तो बॉनेट उघडतो, पाना फिरवतो, डिझेलच्या नळीत फुंकर मारतो आणि पुष्कळदा गाडी बांधावरच चालू होते. अमेरिकेतील शेतकऱ्याची ही वाट गेल्या काही वर्षांत अडवली गेली. ती कशी, हे आपण समजून घेऊ.

तिकडच्या मोठ्या ट्रॅक्टरात नुसते लोखंड नसते. इंजिनावर, धुराच्या नळकांड्यावर सेन्सर बसवलेले असतात आणि त्यांचे निरोप आतल्या संगणकाकडे जातात. एखादा सेन्सर बिघडला, की पडद्यावर सांकेतिक आकडा उमटतो आणि संगणक इंजिनाची ताकद उतरवतो. ट्रॅक्टर सरकतो, पण नांगर ओढत नाही. नवा भाग आणून बसवला तरी कित्येकदा भागत नाही. त्या भागाची ओळख संगणकाला पटवावी लागते. ते काम करणारे पूर्ण सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यापाशी. म्हणजे भाग बसवायला घटकाभर आणि विक्रेत्याच्या माणसाची वाट बघायला दिवसच्या दिवस. कापणी थांबते होय?

शेतकरी म्हणतो, पैसे मी मोजले, ट्रॅक्टर माझा. यावर २०१५ साली जॉन डिअर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे मांडलेले म्हणणे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गिऱ्हाइकाला मिळतो तो यंत्राच्या आयुष्यभर ते चालवण्याचा परवाना, सॉफ्टवेअरची मालकी नव्हे, असा त्याचा आशय होता. बैल आपल्या दावणीला, वेसण मात्र विकणाऱ्याच्या हातात!

तिथल्या १९९८ च्या कायद्याने असली डिजिटल कुलपे तोडणे बेकायदा होते. २०१५ मध्ये ट्रॅक्टरच्या दुरुस्तीपुरती सवलत मंजूर झाली. पण कुलूप तोडायला हत्यार कुठाय? काही शेतकरी युक्रेनकडून आलेले चोरटे सॉफ्टवेअर वापरतात, अशा बातम्या २०१७ साली आल्या. दुसरे काहीजण लिलावात १९७०-८० च्या काळातले जुने ट्रॅक्टर चढ्या भावाने घेऊ लागले. आपल्याकडे कुणाच्या गोठ्यात तसला जुना गडी उभा असेल, तर त्याला भंगारात घालण्याची घाई नको.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकरी संघटनेने कंपनीशी करार केला. माहितीपुस्तके व तपासणीची साधने शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला मिळावीत, असे ठरले. बदल्यात, दुरुस्तीच्या कायद्यांमागे लागू नका असे आपल्या राज्यशाखांना सांगण्याचे संघटनेने मान्य केले. आम्हांला हा सौदा महाग वाटतो. कोलोराडो राज्याने एप्रिल २०२३ मध्ये कायदा केलाच आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तर केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह कंपनीवर खटला भरला.

हे सात समुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्यांच्या इंजिनातही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारे आहेत.

तेव्हा नवा ट्रॅक्टर किंवा ऊसतोडणी यंत्र घेताना रंग आणि हप्ता तर बघाच, पण बयाणा देण्याआधी विक्रेत्याला विचारा: बिघाडाच्या आकड्यांची यादी देणार का? आमच्या मिस्त्रीला तो आकडा पुसता येईल का? बाहेरून घेतलेला भाग यंत्र स्वीकारेल का? ऐन गळीत हंगामात तुमचा माणूस किती तासांत फडावर येईल? तोडलेला ऊस वाळत पडला, तर वजनातली घट आपल्याच बिलात दिसते. उत्तरे तोंडी घेऊ नका, कोटेशनवर लिहून सही-शिक्का घ्या. चार-पाच सभासदांनी मिळून कोटेशन मागवले, तर विक्रेता लिहून द्यायला फारसे आढेवेढे घेणार नाही. पुढे शब्द फिरवलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना तो कागद हाताशी ठेवा.